टीपी पडली, ४० टक्के कपात. जमीन आखायची कुणी, सरकारने की मालकांनी?

वारसदार_चौथा:
बडोदेकरांनो, जरा डोकं द्या. भायलीच्या पलीकडे आजोबांची चार विघ्यांच्या आसपास शेतजमीन आहे. सात-बारावर आता नऊ नावं: दोन काका, एक आत्या, उरलेले आम्ही चुलत-आते. कापूस नि तूर होते, हिशेब दिवाळीला मोठे काका करतात, वहीत कुणी डोकावत नाही. आजवर सगळं गोडीत चाललं, कारण वाटून घेण्यासारखं काही नव्हतं.

आता तिथे टीपी, म्हणजे सरकारी नगररचना योजना, पडली: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून नव्याने आखायच्या आणि कापून परत द्यायच्या. मालकांच्या मीटिंगला गेलो तर भिंतीवर भला मोठा नकाशा, आणि जो तो मोबाईलवर फोटो काढून आपला सर्व्हे नंबर शोधतोय. आमच्या ओरिजिनल प्लॉटच्या बदल्यात दाखवलेला फायनल प्लॉट ६० टक्केच. वर जागाही सरकलेली. आमची विहीर दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये गेली आणि आमच्याकडे शेजाऱ्याच्या बांधावरची बाभळ आली. मोठे काका मीटिंग अर्धी टाकून बाहेर आले. म्हणाले, "चौथाई आणि सरदेशमुखी मिळून ३५ टक्के व्हायची. हे ४० नेतायत."

त्यात एक बिल्डर आजूबाजूच्या मालकांना गाठतोय. टीपीला हरकत घ्या, जमिनी एकत्र माझ्याकडे द्या, मी टाउनशिप आखतो. रस्ते, गटार, बाग, गेट सगळं माझं, तुम्हाला बांधकामात हिस्सा. तो म्हणतो रस्ता काढायला सरकार कशाला लागतं? खरं सांगायचं तर मलाही उत्तर सुचलं नाही. ४० टक्के देणं हे नुकसान की सौदा? आणि आखणी सरकारनेच का करायची?

हरकतीचा_मुद्दा:
सरळ कोर्टात जा. मोबदला न देता जमीन काढून घेता येत नाही.

जुना_नकाशा:
कोर्टाची वाट खूप जणांनी तुडवून झाली आहे. मोबदल्याच्या मुद्द्यावरच शांतीलाल मंगळदास खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि १९६९ मध्ये कोर्टाने टीपीची पद्धत वैध ठरवली. तो १९५४च्या मुंबई कायद्याचा खटला. आज आपल्याकडे १९७६चा गुजरात नगररचना कायदा आहे, पण सांगाडा तोच. तेव्हा 'टीपीच बेकायदा' म्हणून वकिलाला पैसे देऊ नका. 'माझा प्लॉट चुकीचा पडलाय' म्हणून द्यायचे तर द्या.

माझं आयुष्य मोजणीत गेलं, खाजगीत, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची सक्ती नाही. आधी कपात म्हणजे काय ते बघू. कायद्यात ढोबळ मापं आहेत: १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बागा आणि मोकळ्या जागांना, ५ टक्के शाळा, दवाखाना, अग्निशमन असल्या सोयींना, आणि १५ टक्के नगरविकास प्राधिकरणाकडे, त्याने विकण्यासाठी. झाले ४०. विकासाच्या स्वरूपाप्रमाणे यात कमीजास्त करता येतं. दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंतची तरतूद वेगळी.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते, तुमच्या गावचे नव्हेत. १०,००० चौरस मीटर जमीन, भाव ५,००० रुपये मीटर, म्हणजे ५ कोटी. कपातीनंतर ६,००० मीटर हातात. रस्ता-गटाराशिवाय त्याची किंमत ३ कोटी, म्हणून २ कोटींचा मोबदला तुमच्या खात्यात जमा धरतात. टीपी पूर्ण झाल्यावर भाव १२,००० होईल असं धरलं तर त्याच ६,००० मीटरचे ७ कोटी २० लाख. ३ कोटींवरून ७.२० म्हणजे वाढ ४ कोटी २० लाख. या वाढीचा जास्तीत जास्त निम्मा हिस्सा प्राधिकरण मागू शकतं: २ कोटी १० लाख. त्यातून तुमचे २ कोटी वजा. तुम्ही भरायचे १० लाख. काकांना सांगा, ५ कोटींचं शेत देऊन ७.२० कोटींचा प्लॉट मिळाला आणि वर १० लाख गेले. फुकटात नेलं असं यात कुठे आहे?

पण हे सगळं 'भाव १२,००० होईल' या एका वाक्यावर उभं आहे. मोबदला-हिस्सा सोडून नुसत्या जमिनीचं बघितलं, तर ६० टक्के उरल्यावर भाव १.६७ पट झाला की बरोबरी होते. तेवढा वाढला नाही, तर काका बरोबर.

माधवी_दांडियाबाजार:
नकाशाकाका, ही वाढ कोणत्या दिवसाच्या भावाने मोजतात? टीपी जाहीर होऊन फायनल व्हायला वर्षानुवर्षं जातात, तोवर भाव कुठल्या कुठे.

जुना_नकाशा:
माधवीताई, नाडी बरोबर पकडलीत. दोन्ही किमती योजना करण्याचा इरादा जाहीर झाला त्या तारखेच्याच धरायच्या, आधीची आणि 'योजना पुरी झाली असती तर' अशी नंतरची. कागदावर टप्पे छोटे आहेत: इरादा, मसुदा, महिनाभर हरकती, सरकारची मंजुरी, मग नगररचना अधिकारी नेमून प्रिलिमिनरी आणि शेवटी फायनल. प्रत्यक्षात ते लांबतात. या लांबणीचा फायदा मालकाला. देणं जुन्या भावाचं, प्लॉट विकला जातो नव्या भावाने. 'वाढीचा निम्मा हिस्सा' ऐकायला मोठा वाटतो, पण तो मूळ दिवसाच्या वाढीचा. पुढच्या सगळ्या वर्षांची वाढ पूर्ण मालकाची.

म्हणून ते विक्रीचे १५ टक्के. ही तरतूद नंतरची, १९९९च्या दुरुस्तीच्या वेळची. रोख मागायची तर जुना भाव, हरकती, वसुलीची कटकट. जमीनच घेऊन ठेवली की तिचा भाव बाजाराबरोबर आपोआप चढतो. खर्च काढायची खरी चावी ती.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट झाली. मसुदा मंजूर झाला की रस्त्यांची आणि गटार-पाण्याची जमीन लगेच प्राधिकरणाकडे जाते, फायनल होईपर्यंत थांबावं लागत नाही. रस्ता आधी होतो, हिशेब मागाहून. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा रिंगरोड असाच टीपींच्या जमिनीतून निघाला. तेवढी पट्टी संपादनाने घ्यायची ठरवली असती तर नातवंडांनी पाहिला असता.

पुणेकर_नाइलाजाने:
बडोद्याचा, पण नोकरीने पुण्यात अडकलोय. तुम्हाला टीपीची किंमत कळत नाहीये मंडळी. इथे डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा, असतो. समजा शेजारी शेजारी दोन भाऊ. डीपीतली रेघ धाकट्याच्या शेतातून गेली तर त्याच्यावर आरक्षण बसलं, तो संपला. थोरल्याला रस्त्याकडेचा दर्शनी प्लॉट, तो कोट्यधीश. धाकट्याने १० वर्षं थांबायचं, मग 'जमीन घ्या नाहीतर सोडा' अशी कलम १२७ची नोटीस द्यायची, मग पुन्हा २ वर्षं, मग कोर्ट. किंवा जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेऊन बिल्डरच्या दारात उभं राहायचं. टीपीत निदान सगळ्यांची सारखी कपात आणि सगळ्यांना रस्ता.

गंमत अशी की महाराष्ट्राचा कायदाही त्याच मुळातून निघाला. १९६६च्या एमआरटीपीत टीपीचं अख्खं प्रकरण आहे, ते कित्येक दशकं धूळ खात पडलं. आता कुठे म्हाळुंगे-माण वगैरे ठिकाणी पुन्हा बाहेर काढलंय.

अवांतर: तुमच्या बिल्डरला मगरपट्ट्याचं नाव घ्यायची फार हौस असेल. घेतलं का?

वारसदार_चौथा:
पहिल्याच भेटीत घेतलं! फोटोंची फाईलच होती.

पुणेकर_नाइलाजाने:
वाटलंच. मगरपट्टा चालला हे खरं आहे. ४०० एकरांच्या वर जमीन, शंभरावर शेतकरी कुटुंबं, कुणी विकली नाही, सगळ्यांनी मिळून कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. पण ते मालकच होते आणि मालकच राहिले. बहुतेक एकाच आडनावाचे, एकमेकांच्या लग्नाकार्यात जेवलेले. तुमचा बिल्डर तुम्हाला बांधकामात हिस्सा देतोय, कंपनीत नाही. प्रकल्प अडकला तर त्याचं बँकेचं कर्ज आधी, तुम्ही मागून. लवासाचं काय झालं बघा: २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. तिथे तर डोंगरच्या डोंगर एकाच हातात होता, आखणीही चकचकीत होती.

सुरसागर_काठचा:
सगळे एकाच सुरात गाताय, मी जरा बेसूर होतो. लवासा बुडालं, बरोबर. पण बुडालं तेव्हा पैसे कुणाचे गेले? ज्यांनी लावले त्यांचे. सरकारी आखणी चुकते तेव्हा कुणाचे जातात? ज्याने रेघ मारली त्याची बदली होते आणि रेघ तिथेच राहते. शेतकी झोन, रहिवासी झोन: त्या दोन रंगांच्या मधल्या रेघेच्या अलीकडे भाव एक, पलीकडे दुसराच. ती रेघ कुठे पडणार हे ज्याला आधी कळतं तो आधी जमीन घेतो. हे बडोद्यात कुणाला शिकवायला नको.

आणि ते १५ टक्के विक्रीचे प्लॉट. प्राधिकरण एकाच वेळी पंच आणि खेळाडू. त्याच्याकडे विकायला जमीन असेल तर भाव पडावा असं त्याला का वाटेल? सगळे प्लॉट एकदम बाजारात आणले तर लिलावात बोली खाली येते, म्हणून थोडे थोडे काढायचे. बिल्डरने हेच केलं की साठेबाज.

जुना_नकाशा:
यावर माझ्याकडे खोडून काढण्यासारखं काही नाही. एक भर घालतो. लिलावाचा पैसा एकदाच येतो. गटारं, दिवे, झाडू दरवर्षी लागतं. प्लॉट विकून रोजचा खर्च भागवायची सवय लागली की घरपट्टी नीट वसूल करायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि नवीन टीपी पाडत राहावी लागते.

ह्यूस्टनचा_हरी:
सुरसागरभाऊंच्या बाजूने अर्धं बोलतो. मी मूळ फतेहगंजचा, २० वर्षं ह्यूस्टनला. अमेरिकेतलं एवढं मोठं शहर, पण झोनिंग नाही. न्यूयॉर्कने १९१६ला झोनिंग आणलं, मागोमाग बाकीच्यांनी. ह्यूस्टनच्या लोकांनी मतदानात ते नाकारलं. मग घराशेजारी रसायनाचा कारखाना येतो का? सहसा नाही. बहुतेक वसाहतींच्या दस्तऐवजातच अटी असतात: इथे दुकान नाही, इतक्याच उंचीचं घर, एवढी जागा मोकळी. घर घेताना त्या अटींवर सही करता. मजा म्हणजे कुणी अट मोडली तर महापालिकाच कोर्टात उभी राहू शकते. अट खाजगी, वचक सरकारी. १९९८ला आतल्या भागात लहान प्लॉट पाडायची मुभा दिली आणि एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन-चार उभी घरं यायला लागली. मध्यमवर्गीयाला परवडेल असं घर अजून मिळतं, ते याच मोकळेपणामुळे.

आता उरलेलं अर्धं. २०१७ला हार्वी वादळ आलं. शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर असे पूर अडवायचे दोन जलाशय आहेत, एरवी कोरडे, गवताळ. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पसरणार त्या जागेतली काठाकडची जमीन सरकारने घेतलीच नव्हती, खर्च वाचवला. तिथे खाजगी वसाहती झाल्या, हजारो घरं. प्रत्येक वसाहतीचे अंतर्गत रस्ते उत्तम, तळी आखीव, गवत कापलेलं. पाणी आलं आणि घरात शिरलं. एकाही दस्तऐवजातल्या अटीला ते अडवता आलं नसतं, कारण पाणी वसाहतीच्या हद्दीबाहेरून आलं.

काँसकाठची_शेजारीण:
हरीभाऊ, तुमचे जलाशय राहू दे, आमची काँस, म्हणजे पावसाचं पाणी नेणारा नाला, बघायला या.

भुखी काँसच्या जवळ आमची जुनी सोसायटी, टेनामेंट. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण २६ची. नदीला फुगवटा आला की काँस तिच्यात रिकामी होत नाही, उलटी भरते. ते निसर्गाचं, कुणाला बोल लावत नाही. पण त्याच्या आधी काही वर्षं शेजारी नवी सोसायटी झाली. बाहेरगावचा बिल्डर, रजा चिठ्ठी (बांधकामाची परवानगी) वगैरे सगळं रीतसर. त्याने भराव टाकून जोतं आमच्या ओट्यापेक्षा हातभर वर घेतलं आणि भोवती सलग भिंत. पूर्वी तिथे खोलगट शेत होतं, पावसाळाभर गुडघाभर पाणी साचायचं, बेडूक ओरडायचे. ते पाणी आता कुठे जाणार? भिंतीच्या तळाशी त्यांनी दोन पाइप ठेवलेत. त्यांचं अंगणातलं पाणी त्यातून बाहेर पडतं, आमच्या गल्लीत. पूर ओसरला तेव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये चिखल आणि आमच्याकडे फ्रिजच्या वरच्या दारापर्यंत तपकिरी रेघ. धान्याची कोठी तर उचलून टाकावी लागली.

त्यांना जाऊन विचारलं. त्यांचे सेक्रेटरी फार सभ्य, चहा पाजला. म्हणाले, "मावशी, आम्ही भराव टाकला नसता तर आम्ही बुडालो असतो." खरंच आहे. त्यांनी त्यांच्यापुरतं बरोबर केलं. आता आमच्या सोसायटीतही गल्ली उंच करायचा ठराव आलाय. म्हणजे पुढच्या वेळी पाणी झोपड्यांत.

तर माझं म्हणणं, टाउनशिपवाल्याला एवढंच विचारा: तुझ्या गेटबाहेर पाणी कुठे सोडणार?

सुरसागर_काठचा:
मावशी, वाईट वाटलं वाचून. पण मुद्दा सोडत नाही. त्या भरावाला परवानगी सरकारनेच दिली ना? काँसची रुंदी राखायचं काम कुणाचं होतं? आखणी सरकारी असूनच हे झालं.

काँसकाठची_शेजारीण:
दिली ना. म्हणून तर दोघांवर राग आहे. पण सरकारवर निदान मोर्चा नेता येतो, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. त्या सोसायटीच्या भिंतीवर कसला अर्ज टाकू?

माधवी_दांडियाबाजार:
अर्थशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. तुमचं दोघांचं भांडण वेगवेगळ्या खर्चांवरून आहे. टाउनशिपच्या आतल्या बागेचा फायदा आतल्या घरांच्या किमतीत उतरतो, म्हणून बिल्डर बाग करतो, आणि सरकारपेक्षा चांगली करतो. सुरसागरभाऊंचं तिथे बरोबर. भिंतीबाहेर ढकललेलं पाणी त्याच्या कुठल्याच हिशेबात येत नाही, म्हणून तो ते ढकलतो. तो वाईट आहे म्हणून नव्हे. मावशी आणि ती सोसायटी यांनी आपसांत बसून सौदा करावा हे पुस्तकात सुंदर दिसतं. दोनच पक्ष असतील, कुणाचं पाणी किती हे मोजता येत असेल आणि काँसवर हक्क कुणाचा हे ठरलेलं असेल तर होईलही. इथे काठावर शेकडो सोसायट्या, वर शेतं, खाली झोपड्या. बोलणी करायची कुणी कुणाशी?

आणि दुसरी अडचण अडवणुकीची. १५ मालकांपैकी १४ तयार, पंधरावा मधोमध. रस्ता त्याच्यातूनच जाणार हे त्याला कळलं की तो चौदा जणांचा फायदा एकटा मागतो. मगरपट्ट्यात नातेसंबंधांनी ते निभावलं. दिल्लीने २०१८ला धोरण केलं की ७० टक्के सलग जमिनीचे मालक आपणहून एकत्र आले तर विकास करा. तिथे ते ७० टक्के जमवण्यातच गाडी रुतली. टीपीत मालकाची संमती लागतच नाही, हरकत फक्त ऐकून घेतात. हा तिचा जोरही आणि जुलूमही.

इंदूरी_जीरावन:
इंदूरहून जय हो! आमच्याकडे प्राधिकरण आधी सरळ जमीन संपादनच करायचं. स्कीम ५४, स्कीम ७८ अशी नावं, आमच्या आत्याचा पत्ता अजून 'स्कीम नंबर अमुक' असाच. शेतकरी पूर्ण बाहेर, प्लॉट प्राधिकरण विकणार, आणि वाढीव मोबदल्याचे खटले नातवापर्यंत. आता मध्य प्रदेशाने कायदा बदलून तुमच्या गुजरातची टीपी उचलली आहे. इथे मालकाला ५० टक्के परत, तुम्हाला ६०. तुमच्या काकांना म्हणावं, इंदुरात या, मग कळेल चौथाई!

एक सांगतो, टीपी किंवा पूलिंग (मालकांनी जमिनी एकत्र देणं) सरकारी असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. आंध्रच्या अमरावतीत नव्या राजधानीसाठी शेतकऱ्यांनी ३० हजार एकरांवर जमीन आपखुशीने दिली. २०१९ला सरकार बदललं, राजधानी तीन ठिकाणी करायचं ठरलं आणि यांच्या प्लॉटांभोवती रस्तेच नाहीत. २०२४ला पुन्हा सरकार बदलल्यावर कामं सुरू झाली. मधली पाच वर्षं कोण भरून देणार?

हरकतीचा_मुद्दा:
मग २०१३च्या भूसंपादन कायद्याने घ्या म्हणावं. चौपट मिळतात.

जुना_नकाशा:
चौपटपर्यंत ग्रामीण भागात, शहरी असेल तर दुप्पट. पण कशाच्या? जंत्रीचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, भाव आणि आजूबाजूच्या दस्तऐवजांवरची रक्कम, यातून जी किंमत निघते तिच्या. गुजरातेत २०११ची जंत्री २०२३पर्यंत तशीच चालली. १५ एप्रिल २०२३ला जमिनीचे दर दुप्पट केले तरी बाजार पुढेच होता. आणि दस्तऐवजावर किती लिहितात आणि पिशवीत किती देतात हे मी सांगायला नको. कागदावर कमी लिहायची सवय संपादनाच्या दिवशी गळ्याशी येते. शिवाय त्यात जमीन सगळी जाते, पुढची वाढ बघायला तुम्ही नसताच.

खडकीतला_मुलगा:
हे सगळं वाचून वाटतं, सयाजीराव महाराजांच्या वेळी कसं सुरेख होतं. कमाटीबाग, आजव्याचा तलाव, रुंद रस्ते. १९१६ला नगररचनाकार पॅट्रिक गेडीसला बोलावून शहराचा अहवालही करून घेतला.

सुरसागर_काठचा:
महाराजांना जमीन विकत घ्यावी लागत नव्हती भाऊ. राज्यच मालक. १९१५चा मुंबईचा नगररचना कायदा संस्थानाला लागूही नव्हता, आपण मुंबई राज्यात गेलो १९४९ला. शिवाय गेडीस गल्ल्या पाडा म्हणणारा नव्हता. जिथे जेवढं लागेल तेवढंच कापा, लोकांना हलवू नका, असा त्याचा आग्रह. तुमच्या खडकीचंच बघा: एक दरवाजा, आत समाईक चौक, विहीर, आणि कुणी ओटा किती पुढे काढायचा हे आतल्यांनी ठरवायचं. तीही खाजगी आखणीच.

माधवी_दांडियाबाजार:
खडकीतलं पाणीसुद्धा शेवटी बाहेरच्या मोरीत जायचं, आणि मोरी राज्याची. :)

शेतावरची_बाई:
सगळे मालकांचंच बोलताय. आमच्या मावशी भायलीकडे शेतमजुरी करतात. टीपी पडली की मालकाला प्लॉट, प्राधिकरणाला प्लॉट, बिल्डरला प्लॉट. ज्याचं नाव सात-बारावर नाही त्याला काय? शेत बंद झालं की काम बंद. दुर्बल घटकांची जी जागा ठेवतात त्यावर घरं होतात तेव्हा होतात, आणि ती त्याच मजुरांना मिळतील असं कुठे लिहिलंय?

जुना_नकाशा:
नाही लिहिलेलं. टीपी जमिनीचा हिशेब करते, जमिनीवर राबणाऱ्याचा नाही.

वारसदार_चौथा:
सगळ्यांचे आभार. नकाशाचा फोटो मोठा करून पुन्हा बघितला. दोन गोष्टी सापडल्या. आमच्या फायनल प्लॉटच्या मागच्या अंगाला निळी तुटक रेघ आहे, ती काँस. मूळ शेतापासून ती लांब होती. आणि प्लॉट लांबट आहे, रस्त्याला तोंड अगदी कमी, आत खोल. शेजारचा विक्रीचा प्लॉट मात्र चौकोनी, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तो प्राधिकरणाचा.

बिल्डरलाही विचारलं, मावशींचाच प्रश्न. तो म्हणाला, "पाण्याचं महापालिका बघेल."

जुना_नकाशा:
म्हणजे आता तुमची हरकत सापडली. 'टीपी नको' असं लिहून काहीही होणार नाही, कारण १५ जणांनी हरकत घेतली म्हणून टीपी रद्द होत नाही. बिल्डर तुम्हाला अर्धवट सांगतोय. असं लिहा: एक, मूळ जमिनीला काँस लागून नव्हती, फायनल प्लॉटला लागते आहे, तरी जागा बदलून द्यावी. दोन, दर्शनी रुंदी वाढवून द्यावी. सारखं क्षेत्रफळ म्हणजे सारखी किंमत नव्हे. तीन, काँसची रुंदी आणि दोन्ही काठांचं अंतर नकाशावर मीटरमध्ये दाखवावं, आणि तेवढा पट्टा मोकळ्या जागांच्या ५ टक्क्यांत धरावा. बागेची जागा मधोमध दाखवतात, प्लॉट विकायला बरं पडतं. काँसच्या काठाला दिली तर पाणी पसरायला जागा होईल. ही तिसरी हरकत एकट्याने घेऊ नका, काठावरच्या सगळ्या मालकांनी मिळून घ्या. बिल्डरने जमवलेली माणसं आयती आहेतच.

माधवी_दांडियाबाजार:
आणि नऊ नावांचं काय? फायनल प्लॉट एकच निघाला तर विकताना नऊ सह्या. तुमच्याच घरात एक पंधरावा मालक बसलेला असेल.

वारसदार_चौथा:
ताई, बसलेला आहे. पुण्याचा आतेभाऊ. 'भाव अजून वाढू दे' एवढंच म्हणतो, फोन ठेवतो.

जुना_नकाशा:
मग घरची वाटणी आधी करा आणि वेगवेगळे फायनल प्लॉट मागा. प्रिलिमिनरी झाल्यावर तो बदल फार जड जातो. मात्र नऊ तुकडे करू नका; एवढ्या कमी तोंडाच्या प्लॉटचे नऊ केले तर मागच्यांना रस्ताच राहणार नाही आणि अंतर्गत रस्त्यात आणखी जमीन जाईल. दोन किंवा तीन, भावंडांच्या शाखेप्रमाणे. आत्यांचा हिस्सा स्वतंत्र मागायचा की कुणाबरोबर हे त्यांनाच विचारा, त्यांच्या वतीने ठरवू नका.

वारसदार_चौथा:
आत्याला विचारलं. तिला काँसकडचाच तुकडा हवाय, झाडं लावायला. काका तेव्हापासून गप्प आहेत. हरकतीचा मसुदा उद्या इथे टाकतो, जरा तपासून द्या.

काँसकाठची_शेजारीण:
टाका. आणि दोन प्रती काढा, एकीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. आमच्या अर्जाची पोच नव्हती, तर अर्जच आला नव्हता म्हणाले.

जुना_नकाशा:
नकाशाचा फोटोही पुन्हा टाका, वरच्या बाजूचा. काँस तिथे वळते की सरळ जाते ते या फोटोत दिसत नाही.